नाही म्हणणारं क्लिनिक

“लेझर कुठे करू?” असा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. गेल्या वर्षी मी पुण्यातली तीन क्लिनिकं पालथी घातली, हे मित्रमंडळींत पसरलंय, त्यामुळे. मेसेजसोबत दरपत्रकांचे स्क्रीनशॉट असतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “यातली लेटेस्ट मशीन कुठली?” फोन घेताना आपण प्रोसेसर विचारतो, कॅमेरा विचारतो, कुठलं कार्ड लावलं तर किती सूट ते विचारतो. अगदी त्याच क्रमाने इथेही विचारलं जातं. फोन नाही आवडला तर दोन वर्षांनी बदलता येतो, एवढाच काय तो फरक.

यात विचारणाऱ्यांचा दोष कमी आहे. क्लिनिकंच या भाषेत बोलतात. ‘चष्म्याला करा टाटा’, ‘दहा मिनिटांत नवी नजर’, दसऱ्याला ऑफर, जोडीने आलात तर दुसऱ्यावर सूट, शून्य टक्के व्याजाने हप्ते. जाहिरातीतली मुलगी पावसात भिजत हसत असते. तिच्या कॉर्नियाची जाडी किती, हे अर्थातच कुणी सांगत नाही.

मला जे म्हणायचंय ते सरळ सांगते. लेझरचं क्लिनिक निवडताना मशीन, दर, तारे आणि रील्स या सगळ्यांआधी एक गोष्ट बघा : हे क्लिनिक कुणाला परत पाठवतं का? “तुमचे डोळे यासाठी योग्य नाहीत, करू नका,” असं म्हणायची त्यांची तयारी आहे का? आणि ते म्हणणारा माणूस डॉक्टर आहे की महिन्याचं टार्गेट असलेली काउन्सेलर? बाकी सगळ्या चौकशा त्यानंतर.

इतका हट्ट का, तर ही शस्त्रक्रिया इतर बहुतेक शस्त्रक्रियांसारखी नाही. अपेंडिक्स सुजलं तर कापावंच लागतं. मोतीबिंदू पिकला तर काढावाच लागतो. इथे डोळा निरोगी असतो आणि चष्म्याने नीट दिसत असतं. म्हणजे ‘केलं नाही तर काय होईल?’ या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही, चष्मा राहील’ इतकंच असतं. ज्या शस्त्रक्रियेशिवाय माणसाचं काहीच अडत नाही, तिच्यात ‘नको’ म्हणण्याचा उंबरठा खूप खाली असायला हवा. प्रत्यक्षात तो कुठे आहे, ते दरपत्रकावरून कळतं.

आधी एक शब्द सरळ करू. ‘नंबर जातो’ असं आपण म्हणतो. नंबर जातो, मायोपिया जात नाही. मायनस नंबर असलेल्या बहुतेकांचा डोळा पुढून मागे थोडा जास्त लांब असतो, म्हणून प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. लेझर काय करतं, तर समोरच्या कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक थराचा, मधला भाग घासून चपटा करतं. प्रतिमा पडद्यावर येते, चष्मा सुटतो. डोळा मात्र लांबच राहतो. लांब डोळ्याचा मागचा पडदा ताणलेला, काही ठिकाणी विरलेला असू शकतो आणि तो सुटण्याचा धोका लेझरनंतरही तेवढाच असतो. मायनस सहावाल्याने ‘आता मी नॉर्मल’ म्हणून पडद्याची तपासणी सोडून देणं हा या जाहिरातींचा सगळ्यात वाईट परिणाम आहे. चाळिशीत जवळचं वाचायला चष्मा लागणार तो लागणारच, हेही ‘टाटा’च्या जाहिरातीत नसतं.

आता काउन्सेलरबद्दल. दुसऱ्या क्लिनिकमध्ये माझ्या तपासण्या झाल्या आणि मला काचेच्या एका केबिनमध्ये बसवलं. माझ्याच वयाची मुलगी, अतिशय गोड बोलणारी. तिच्यासमोर लॅमिनेट केलेलं कार्ड होतं, हॉटेलातल्या मेन्यूसारखं. सगळ्यात खाली पीआरके, त्यावर साधं लेसिक, त्यावर ब्लेडविरहित लेसिक आणि सगळ्यात वर, सोनेरी चौकटीत, स्माइल. पंचेचाळीस हजारांपासून एक लाख वीस हजारांपर्यंत. “मॅम, तुमचे रिपोर्ट्स परफेक्ट आहेत. आज बुकिंग केलंत तर दहा हजार कमी होतील.” मी विचारलं, माझी कॉर्निया किती जाड आहे? ती म्हणाली, “नॉर्मल आहे मॅम.” आकडा? “ते डॉक्टर बघतील.” डॉक्टर कधी भेटतील? “सर्जरीच्या दिवशी.”

त्या मुलीवर माझा राग नाही. तिला पगार त्याच कामाचा आहे. राग त्या रचनेवर आहे, ज्यात माझ्या डोळ्यांबद्दलचा निर्णय ज्याने घ्यायचा तो माणूस मला पैसे भरल्यावर भेटणार होता.

आणि ते मेन्यूकार्ड पुन्हा एकदा बघा. जितकं महाग तितकं सुरक्षित, असं ते न बोलता सांगतं. खरं गणित वेगळं आहे. पीआरकेमध्ये कॉर्नियावर पापुद्रा कापत नाहीत. वरचा नाजूक थर बाजूला करून थेट पृष्ठभागावर लेझर देतात. तीन-चार दिवस डोळे चुरचुरतात, दुखतात, स्पष्ट दिसायला वेळ लागतो. पण पापुद्र्यात जाडी खर्च होत नाही, म्हणून पातळ कॉर्नियावाल्याला किंवा कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्याला अनेकदा डॉक्टर तेच सुचवतात. लेसिकमध्ये पापुद्रा कापून उचलतात, खाली लेझर देतात आणि पापुद्रा परत ठेवतात. तो पूर्वीच्या ताकदीने कधीच चिकटत नाही, वर्षांनंतरही उचलता येतो. स्माइलमध्ये छोट्या चिरेतून आतली एक चकती बाहेर काढतात. तिन्हींचे आपापले फायदे आहेत, तिन्हींच्या मर्यादा आहेत. कुणाला काय, हे डोळा ठरवतो. मेन्यूकार्डावर मात्र दुखणारं, म्हणजे विकायला अवघड असलेलं, तळाला जातं. दुखत नाही ते सोनेरी चौकटीत.

मशीनला काहीच अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. पूर्वी पापुद्रा धातूच्या पात्याने कापत, आता फेम्टोसेकंद लेझरने कापतात आणि त्याची जाडी जास्त भरवशाने ठरवता येते. हा खरा फायदा आहे. पण लेसिक आणि पीआरके दोन्हींत कॉर्निया घासणारा एक्सायमर लेझर मुळात तोच आहे. १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासला शिकलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर तो चालवून बघितला आणि आजूबाजूचा भाग न जळता स्वच्छ काप जातो, हे त्यांच्या लक्षात आलं. २०१३ मध्ये ओबामांनी त्यांना त्यासाठी पदक दिलं. ही गोष्ट मला फार आवडते, पण मुद्दा असा की यंत्र कुठलंही असो, ते कुणाच्या डोळ्यावर चालवायचं नाही, हे यंत्र ठरवत नाही.

ते ठरवायला लागणारं गणित तुम्हीसुद्धा फोनच्या कॅल्क्युलेटरवर करू शकता. कॉर्नियाची सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. लेसिकचा पापुद्रा साधारण ११० मायक्रॉन. नंबरच्या प्रत्येक एककाला साधारण १२ ते १६ मायक्रॉन घासावं लागतं. पापुद्रा आणि घासलेला भाग वजा करून खाली जे उरतं, ते किमान २५० मायक्रॉन असावं, अशी जुनी मर्यादा. आज बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला कचरतात. शिवाय पापुद्रा अधिक घासलेला भाग मिळून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांपर्यंत गेला, तर पुढे कॉर्निया कमजोर होऊन फुगण्याचा धोका वाढतो.

माझी कॉर्निया ४८८. नंबर मायनस सहा. पंधराच्या हिशोबाने ९० मायक्रॉन घासणार, पापुद्र्याचे ११०, एकूण २००. उरले २८८. टक्केवारी ४१. ही ‘परफेक्ट’ रिपोर्टची आकडेवारी.

हे आकडे मला त्या केबिनमध्ये मिळाले नाहीत. “रिपोर्ट पॅकेज घेतलेल्यांनाच देतो,” असं उत्तर मिळालं. तपासणीचे पैसे मी भरले होते, डोळे माझे होते, पण कागद त्यांचा. डॉक्टरांच्या व्यवसायासाठी भारतीय वैद्यकीय परिषदेची २००२ ची नियमावली आहे आणि तिच्यात रुग्णाने मागितल्यास वैद्यकीय कागद ७२ तासांत द्यावेत, असं लिहिलेलं आहे. मी तो नियम घालून ईमेल केला. तिसऱ्या दिवशी स्कॅन आला, कुठलंही पत्र न जोडता. तुम्हीही मागा. तपासणीचे कागद हातात द्यायला जे क्लिनिक कां-कूं करतं, तिथून उठून या. त्यावर अधिक विचार करायची गरज नाही.

तो स्कॅन घेऊन मी तिसरीकडे गेले. जुनी जागा, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर अक्षरांचा पिवळा पडलेला तक्ता. डॉक्टरबाई साठीच्या. त्यांनी आधी विचारलं, कॉन्टॅक्ट लेन्स कधी काढल्यास? मी म्हटलं, त्या तपासणीच्या आदल्या रात्री. त्यांनी कागद बाजूला ठेवला. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स असतील तर किमान एक-दोन आठवडे, कडक असतील तर त्याहून बराच जास्त काळ काढून ठेवल्याशिवाय ते माप धरायचं नसतं. हा प्रश्न मला आधीच्या दोन्ही ठिकाणी कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी बरंच काही विचारलं. नंबर गेल्या वर्षभरात बदलला का, डोळे चोळायची सवय आहे का, घरात कुणाला केराटोकोनस आहे का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्यास का (त्यांनी डोळे कोरडे पडतात), रात्री गाडी चालवतेस का, स्क्रीनसमोर किती तास. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत अश्रू किती येतात, ते मोजलं. थेंब घालून बाहुली मोठी करून मागचा पडदा पाहिला.

दोन आठवड्यांनी, लेन्स न लावता, पुन्हा स्कॅन झाला. कॉर्नियाच्या मागच्या बाजूला, खालच्या अंगाला, एक हलका उंचवटा होता. तो आधीच्या क्लिनिकच्या स्कॅनमध्येही होता, लाल-केशरी रंगात छापलेला. केराटोकोनस म्हणजे कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखी पुढे येण्याचा आजार. तो पौगंडावस्थेत किंवा विशीत सुरू होतो, आणि सुरुवातीला चष्म्याचा नंबर वाढण्यापलीकडे काही जाणवत नाही. अशा डोळ्यावर लेझर केलं, तर आधीच कमजोर असलेली भिंत आणखी तासली जाते. “तुला तो आजार आहे असं मी म्हणत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण नाही, असंही मला म्हणता येत नाही. मी करणार नाही. दुसरं कुणी करेल, ते तू बघ. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. आणि डोळे चोळू नकोस.” त्यांनी तपासणीची फी घेतली, तेवढीच.

यावर मला ऐकावं लागतं की तू उगाच लोकांना घाबरवतेस. लाखो लोकांनी केलंय, सगळे खूश आहेत. बरोबर आहे. माझी सख्खी मावसबहीण खूश आहे. सकाळी उठल्याबरोबर घड्याळ दिसतं याचं तिला पाच वर्षांनीही कौतुक आहे आणि मला तिचा हेवा वाटतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नौदलातल्या आणि सामान्य मिळून साडेपाचशेहून अधिक लोकांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेबद्दल समाधानी होते. हा आकडा जाहिरातीत येतो. त्याच अभ्यासातले दुसरे आकडे येत नाहीत. ज्यांना आधी प्रकाशाभोवती वलयं, चकाकी, दुहेरी प्रतिमा असं काहीच दिसत नव्हतं, त्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनंतर यातलं निदान एक तरी दिसत होतं. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवत होता. रोजची कामं अवघड व्हावीत इतका त्रास एक टक्क्याहून कमी लोकांना झाला. दोन्ही बाजूंचे आकडे एकाच कागदावर ठेवा आणि मग मला ठरवू द्या, एवढंच माझं मागणं आहे.

‘यश’ म्हणजे काय हेही विचारायला हवं. क्लिनिकच्या लेखी यश म्हणजे ६/६. तो तक्ता उजेडात, पांढऱ्यावर काळ्या ठळक अक्षरांत असतो. आपण जगतो ते एसीमध्ये, दहा तास स्क्रीनसमोर, आणि रविवारी रात्री एक्सप्रेसवेवर, समोरून ट्रकांचे दिवे अंगावर येत असताना. माझ्या ऑफिसातल्या एकाने लेसिक करून दीड वर्ष झालं. कॉर्नियात नसांचं दाट जाळं असतं, पापुद्रा कापताना त्या कापल्या जातात आणि परत वाढायला महिने लागतात. बहुतेकांच्या वाढतात. त्याच्या डोळ्यांना अजून दर तासाला थेंब लागतात, मीटिंगमध्ये तो डोळे मिटून बसतो. क्लिनिकला फोन केला की उत्तर ठरलेलं : “सर, तुमचा रिझल्ट सिक्स बाय सिक्स आहे.” त्यांच्या हिशोबात तो यशस्वी रुग्ण आहे. त्याने ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दिलेले पाच तारेही अजून तिथेच आहेत. बहुतेक तारे असेच दुसऱ्या दिवशी दिलेले असतात, चष्म्याशिवाय जग लख्ख दिसण्याच्या आनंदात. रिव्ह्यू वाचायचेच असतील, तर वर्ष उलटून गेल्यावर लिहिलेले शोधा. फार थोडे सापडतील.

कायदा काय म्हणतो? त्याच २००२ च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टरने जाहिरात करून रुग्ण ओढणं, रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं हे अनैतिक आहे. पण ही नियमावली डॉक्टरला लागू पडते, जाहिरात करते ती कंपनी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आणले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. थोडक्यात, ज्या देशात डॉक्टरने आपल्या नावाची पाटी फार मोठी लावू नये, अशी अपेक्षा असते, तिथे डोळ्यांच्या ऑपरेशनवर दिवाळी सेल लागतो.

आणि संमतिपत्र. ऑपरेशनच्या सकाळी, डोळ्यात थेंब घालून झाल्यावर, पाच-सहा पानांचा इंग्रजी मजकूर समोर येतो आणि खुणा केलेल्या जागी सही करायची असते. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की संमती खरी असायला हवी, म्हणजे उपचाराचं स्वरूप, धोके, पर्याय याची पुरेशी माहिती आधी दिलेली हवी. तो कागद आठवडाभर आधी घरी मागा. मराठीत मागा. देतात का बघा.

मला सर्वांत जास्त चीड येते ती मात्र क्लिनिकांची नाही. ती येते आपल्या बायोडेटाची. रक्तगट, रास, नाडी आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी ‘चष्मा : नाही’. मुलींच्या बायोडेटात ही ओळ जास्त दिसते, हे वेगळं सांगायला नको. शाळेत ढापणी म्हणून हिणवून घेतलेल्या मुलीला पंचविशीत आईच म्हणते, स्थळं बघायच्या आधी एकदा लेझर करून घे. डोळ्याचा निर्णय स्थळ बघायला येणाऱ्यांच्या सोयीने होतो आणि मुहूर्ताची घाई असते, त्यामुळे लेन्स दोन आठवडे काढून ठेवायलाही सवड नसते. मुलांचं दुसरं टोक म्हणजे भरती. अभ्यासिकेत बसून वर्षानुवर्षं तयारी करणारी पोरं ‘मेडिकलला चष्मा आडवा येईल’ म्हणून कर्ज काढून लेझर करतात. रेल्वेच्या लोको पायलटसारख्या पदांना लेसिक केलेला उमेदवारच अपात्र ठरतो, हे त्यांना मेडिकलच्या टेबलासमोर कळतं. जाहिरातीतले वैद्यकीय निकष आधी वाचा, पदागणिक ते वेगळे असतात. क्लिनिकच्या काउन्सेलरने “भरतीसाठी चालतं सर” म्हटलं असेल, तर ते लेखी मागा.

विमा यात मदतीला येत नाही. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात ७.५ पेक्षा कमी नंबर काढायचा खर्च वगळलेलाच असतो. म्हणून हप्ते, म्हणून सूट, म्हणून ‘आजच बुक करा’. ज्या गावात एकच नेत्रतज्ज्ञ आहे, तिथल्या माणसाला तीन ठिकाणी फिरणं परवडत नाही, हे मला कळतं. त्याने निदान स्कॅनचा कागद घेऊन अशा डॉक्टरकडे जावं, ज्याच्याकडे लेझर मशीनच नाही. ज्याला विकायचं काही नाही, तो आकडे शांतपणे वाचतो.

केलंत किंवा नाही केलंत, फाइल मात्र जपा. हे डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि तोवर मला माहीत नव्हतं. साठी-पासष्टीत मोतीबिंदू होईल तेव्हा डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात. लेझरने ती वक्रता बदललेली असते, नेहमीची सूत्रं चुकतात आणि ऑपरेशनआधीची मापं हाताशी असली तर त्या डॉक्टरला मोठी मदत होते. नियमावलीप्रमाणे डॉक्टरने कागद सांभाळायचे ते तीन वर्षं, तेही दाखल रुग्णांचे. ‘आजीवन वॉरंटी’ देणारं क्लिनिक चाळीस वर्षांनी त्या जागी असेल की तिथे मोबाइलचं दुकान असेल, सांगता येत नाही. माझे तिन्ही स्कॅन मी छापून दहावीच्या मार्कशीटच्या फोल्डरमध्ये ठेवलेत. पुढचा स्कॅन मार्चमध्ये आहे.